जुन्या इंजिनाला टर्बो : आपल्या जीपच्या निमित्ताने

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने वर्गणी काढून शाळेच्या जुन्या जीपसाठी टर्बोचा संच भेट दिला. ज्यांनी ही जीप पाहिली आहे त्यांना या भेटीमागची कळकळ सांगावी लागणार नाही. वसतिगृहाचे धान्य तिच्यातूनच येते, आणि रात्री-अपरात्री एखादा मुलगा तापाने फणफणला तर घाट चढून तालुक्याच्या रुग्णालयात तोही तिच्यातूनच जातो. त्या घाटात तिसऱ्या वळणानंतर इंजिन दम सोडते, मागे काळा धूर उठतो आणि चालकमामा दुसऱ्याचा पहिला गिअर टाकतात, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी मागच्या बाकावर बसून अनुभवले आहे. त्यामुळे संच आल्यापासून प्रत्येक माजी विद्यार्थी जयभीम घालून झाल्यावर पुढचा प्रश्न एकच विचारतो, "सर, टर्बो बसला का?"

टर्बो अद्याप बसलेला नाही. तो का बसला नाही हे दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून संपादक मंडळाने हे काम माझ्याकडे दिले. इतिहासाच्या शिक्षकाने इंजिनावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. वाहन समितीवर माझे नाव आहे हे एक कारण. दुसरे असे की, या यंत्राची गोष्ट मुळातून पाहिल्याशिवाय आपल्या जीपचा निर्णय नीट समजत नाही.

प्रथम इंजिनाच्या श्वासाचा हिशेब पाहू. आपल्या जीपचे इंजिन चार सिलिंडरचे, २५२३ घनसेंटिमीटर क्षमतेचे, बिनटर्बोचे डिझेल इंजिन आहे. त्याचे कूळ ट्रॅक्टरचे. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. मूळ आराखडा इंचांत झाला होता याची खूण त्या आकड्यांतच राहिली आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर हे इंजिन दर मिनिटाला तीन हजार लिटरांहून अधिक, म्हणजे वजनाने साडेतीन किलोच्या आसपास हवा ओढते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा पुरते, असे रसायनशास्त्र सांगते. परंतु सिलिंडरमध्ये डिझेल व हवा यांची सरमिसळ क्षणभरात व्हायची असते, ती कधीच परिपूर्ण होत नाही. म्हणून काळा धूर टाळायचा असेल तर प्रत्यक्षात अठरा ते वीस किलो हवा लागते. या हिशेबाने मिनिटाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास डिझेल जाळणे ही आपल्या इंजिनाची मर्यादा. त्याहून अधिक डिझेल पाजले तर ते शक्ती न होता काजळी होते.

याचा अर्थ असा की इंजिनाची शक्ती डिझेलने नव्हे, तर मिळणाऱ्या हवेने अडलेली असते. ही अडवणूक सोडवण्याचा मार्ग स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या अभियंत्याला सुचला. इंधनातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग धुराबरोबर सायलेन्सरवाटे वाया जातो. त्या धुरावर एक चाक फिरवावे, त्याच आसावर दुसरे चाक बसवावे आणि त्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावी, ही त्याची कल्पना. तिचे पेटंट १९०५ चे. मात्र ती कामाला यायला वीस वर्षे लागली, कारण तापलेल्या धुरात अतिवेगाने फिरणारे चाक टिकेल असा धातू आणि असे बेअरिंग त्या काळी नव्हते. १९२६ च्या सुमारास 'प्रॉइसेन' आणि 'हान्सेश्टाट डान्त्सिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ती यशस्वी झाली. १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले. परंतु ती इंजिने टर्बो गृहीत धरूनच ब्युखीच्या देखरेखीखाली बांधली होती.

आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा प्रयोग त्याआधीचा आहे. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाच्या तयार विमान-इंजिनावर टर्बो चढवला आणि ते सारे मालमोटारीवर लादून कोलोरॅडोमधील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेले. तेथील हवा इतकी विरळ की साडेतीनशे अश्वशक्तीचे इंजिन एक तृतीयांशाहून अधिक शक्ती गमावून बसे. टर्बो जोडल्यावर ती गमावलेली शक्ती परत आली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मॉस यांनी इंजिनाकडून त्याच्या मूळ कुवतीहून फार अधिक मागितले नव्हते. समुद्रसपाटीवर जे मिळत होते तेवढेच शिखरावर मागितले. म्हणून ते इंजिन टिकले. तयार इंजिनावर टर्बो बसवताना आपण हरवलेले परत मागत आहोत की नसलेले नव्याने मागत आहोत, हा पहिला प्रश्न असतो. आपला घाट काही पाइक्स पीक नव्हे. तेव्हा आपली मागणी दुसऱ्या प्रकारची आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आता संचाच्या खोक्यात काय आहे ते पाहू. मुख्य वस्तू म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी दोन ओतीव कवचे आणि त्यांच्यामध्ये एक आस. एका कवचातून धूर जातो, दुसऱ्यातून हवा. आसाच्या टोकांवरची चाके मुठीएवढी, पण ती मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. पाच सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेचा वेग या हिशेबाने तासाला नऊशे किलोमीटरच्या वर जातो. एवढ्या वेगाला गोळ्यांचे साधे बेअरिंग पुरत नाही. बहुतेक टर्बोंमध्ये आस तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरते, आणि ते तेल इंजिनातूनच येते. त्यासाठी संचात एक बारीक नळी तेल आणणारी आणि एक जाड नळी तेल परत नेणारी असते. जाड नळीतले तेल दाबाने नव्हे, केवळ उताराने खाली जाते. ती सरळ उतरती असावी, मध्ये कोठेही झोल नसावा, आणि चेंबरमधील तेलाच्या पातळीच्या वर तिचे तोंड उघडावे. नवख्याला ही बाब किरकोळ वाटते, पण बसवलेले टर्बो बिघडण्याचे हे एक मोठे कारण आहे. बाकी धुराचा नवा मॅनिफोल्ड, गॅस्केटे, रबरी होज, क्लिपा आणि दाब ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ लागला की धुराला बगल देणारी झडप, ज्याला वेस्टगेट म्हणतात, एवढे सामान असते.

आपल्या संचात इंटरकूलर नाही. तो का हवा, हे सायकलला हवा भरणाऱ्या मुलालाही कळेल. पंप मारताना त्याची नळी हाताला चटका देते. हवा दाबली की तापते आणि तापली की फुगते, म्हणजे दाबून मिळवलेले काही अंशी तापून गमावले जाते. बाहेरची हवा तीस अंश सेल्सिअस आहे आणि टर्बोने तिचा दाब दीडपट केला असे धरा. लहान टर्बोतून ती पंचाऐंशी ते नव्वद अंशांवर बाहेर पडेल. त्या तापमानाला दीडपट दाबाची हवा वजनाने दीडपट नसते, सव्वापटीच्या थोडी वर असते. तीच हवा इंटरकूलरमधून फिरवून पन्नास अंशांवर आणली तर वजन सुमारे एक दशांश चार पट होते. दाब तोच, पण श्वास अधिक आणि इंजिनातील तापही कमी. दाबाच्या काट्याकडे पाहून खूश होणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. टर्बो शक्ती देत नाही; तो फक्त जास्त हवा देतो. शक्ती डिझेलातून येते. टर्बो बसवून डिझेल पंपाला हातच लावला नाही तर काय होईल? काळा धूर कमी होईल, ज्वलन सुधारेल, धुराचे तापमानही उतरेल, आणि घाटात थोडा फरक जाणवेल. परंतु ज्याने पैसे घातले त्याचे एवढ्यावर समाधान होत नाही. तो पंपाचा स्क्रू फिरवायला सांगतो. स्क्रू फिरला की डिझेल वाढते, डिझेलबरोबर ज्वलनाचा दाब वाढतो आणि उष्णता वाढते. हा भार टर्बोवर पडत नाही. तो पडतो पिस्टनच्या माथ्यावर, हेड गॅस्केटवर, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर, रेडिएटरवर आणि शेवटी क्लच प्लेटवर. मुळात टर्बोसाठी आखलेल्या अनेक इंजिनांत पिस्टनच्या पोटाशी तेलाची पिचकारी मारून त्याला थंड ठेवण्याची सोय असते. हेडचे बोल्ट, रिंगा, झडपांचा धातू, सारे त्या बेताने निवडलेले असते. वीस वर्षांच्या जुन्या बिनटर्बो इंजिनाकडून ही अपेक्षा कशी करावी?

कंपनीने स्वतः काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. याच २५२३ घनसेंटिमीटरच्या घराण्यातील इंजिनाला महिंद्रने पुढे टर्बो दिला आणि तेच इंजिन २०१० च्या थारच्या एका प्रकारात वापरले. त्याची नोंदलेली शक्ती किती? ६३ अश्वशक्ती, ३२०० फेऱ्यांवर. बिनटर्बो इंजिनाहून ही फार अधिक नव्हे. मात्र १५०० ते १८०० फेऱ्यांच्या दरम्यान ओढ सुमारे १८० न्यूटन-मीटर मिळते, आणि चढावर भरलेली गाडी चढते ती या खालच्या फेऱ्यांतील ओढीवर. ज्यांच्याकडे कारखाना, प्रयोगशाळा आणि अभियंते होते त्यांनीही या इंजिनाकडून एवढेच मागितले. आपल्या संचाच्या खोक्यावर मात्र याहून कितीतरी मोठे आश्वासन छापलेले आहे. कोणी सांगितले, छापले किंवा परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हे कालामांना सांगितलेले तत्त्व आपण प्रार्थनेनंतर मुलांना समजावतो. ते खोक्यावरील मजकुरालाही लागू आहे.

म्हणून समितीने ठरवले की आधी मोजायचे. आपलाच एक माजी विद्यार्थी, जो आयटीआय करून आज स्वतःचे गॅरेज चालवतो, एका रविवारी कॉम्प्रेशन गेज घेऊन आला. इंजिन गरम करून, नोझल काढून, एकेका सिलिंडरचा दाब त्याने घेतला. पहिला २७ बार, दुसरा २६, तिसरा २६, चौथा १९. चारही आकडे फळ्यावर लिहिल्यावर आठवीतल्या मुलानेसुद्धा चौथ्याकडे बोट दाखवले. मग त्याने इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण काढले. त्यातून वाफेसारखा धूर धक्क्याधक्क्याने बाहेर येत होता. गॅरेजच्या भाषेत याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. रिंगा व लायनर झिजले की ज्वलनाचा वायू पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतो आणि तेथे दाब साचतो.

या साचलेल्या दाबाचा टर्बोशी थेट संबंध आहे. टर्बोचे तेल केवळ उताराने चेंबरमध्ये परत जाते, हे वर आलेच आहे. चेंबरमध्ये दाब असेल तर ते उतरत नाही. मग ते टर्बोच्या पोटात तुंबते, आसाच्या सीलमधून झिरपते, आणि हवेच्या नळीवाटे थेट सिलिंडरमध्ये जाते. सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. मालक म्हणतो टर्बो खराब निघाला. तो बदलला तरी निळा धूर तसाच. दोष टर्बोत नसून खालच्या रिंगांत असतो. एक कारण दुसऱ्याला जन्म देते आणि दुसरे तिसऱ्याला. प्रतीत्यसमुत्पाद शिकवण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला वर्गात कधी सापडले नव्हते.

झिरपणारे तेल फार झाले तर प्रकरण धुरावर थांबत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही; दाबाने तापलेल्या हवेत जे जळण्यासारखे येईल ते जळते, मग ते डिझेल असो वा इंजिनाचे स्वतःचे तेल. तेलावर सुटलेले इंजिन किल्ली काढून किंवा बंद करण्याची तार ओढून थांबत नाही, कारण त्या तारेने फक्त डिझेल तुटते. फेरे वाढत जातात, टर्बो अधिक फिरतो, अधिक तेल ओढतो, आणि काही सेकंदांत इंजिन स्वतःला फोडून घेते. हवेचे तोंड जाड फळीने किंवा घट्ट पोत्याने बंद करणे हा त्यावरचा उपाय. हात लावणे मात्र धोक्याचे. मागच्या बाकावर तापाने निपचित पडलेला एखादा सातवीचा मुलगा, घाटाचे वळण आणि न थांबणारे इंजिन, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर समितीत मतभेद उरले नाहीत. भेटीचा अव्हेर आम्ही केलेला नाही. चौथा सिलिंडर १९ वर असताना टर्बो लावायचा नाही, एवढेच ठरले.

यंत्राइतकाच माणसाच्या सवयीचाही प्रश्न आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची टर्बो असलेली पेट्रोल मोटार बाजारात आणली. तिच्या इंजिनातील स्फोट आवरण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका टाकीत भरून ठेवावे लागे. बहुतेक मालक ती टाकी भरायला विसरत आणि मग गाडीत जोर नाही म्हणून तक्रार करत. अखेर अनेक गाड्यांचे टर्बो काढून तेथे साधे कार्बोरेटर बसवावे लागले. दोन वर्षांतच ते मॉडेल बंद झाले. आपल्या टर्बोला अशी टाकी नाही, पण शिस्त लागतेच. घाट चढून आल्यावर इंजिन तत्काळ बंद न करता एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे लागते. नाहीतर तेल थांबते, तापलेली आस तशीच राहते आणि तिच्यावरचे तेल जळून कोळशाचा थर बसतो. तेल व फिल्टर वेळेवर बदलावे लागतात. हवेच्या फिल्टरची फाटकी जाळी चालत नाही, कारण लाख फेऱ्यांच्या चाकावर आदळलेला वाळूचा कण छर्ऱ्यासारखे काम करतो. रुग्णालयाच्या दारात मूल उचलून आत न्यायचे असताना दोन मिनिटे थांबणार कोण, हा चालकमामांचा प्रश्न मला रास्त वाटला. उत्तर असे निघाले की मुलाला सोबतचे शिक्षक नेतील आणि मामा गाडीत थांबतील.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच ठाम केले. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. "सर, गावात कोण विचारतो?" असे दोघा-तिघांनी मला सांगितले. गावात कोणी विचारत नाही हे खरे. परंतु संविधान दिनाला मुलांकडून प्रास्ताविका म्हणवून घेणाऱ्या शाळेने स्वतःच्या गाडीपुरता कायदा बाजूला ठेवावा, हे मला पटले नाही. परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा केली आहे. उत्तर यायचे आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि युद्धकाळातील तंत्रज्ञ प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. आपल्या शाळेत आजही 'हुशार मुलगा शास्त्राला, बाकीचे आयटीआयला' असे बोलले जाते, आणि मीही ते अनेकदा बोललो आहे. गेज हातात घेऊन चार आकडे वाचणारा आणि त्या आकड्यांवरून "सर, अजून नको" म्हणणारा तो विद्यार्थी पाहिल्यावर मला माझ्या त्या बोलण्याची लाज वाटली. दहावीला त्याला इतिहासात मी काठावर पास केले होते.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने आणि त्याच्या दोन वर्गमित्रांनी शाळेच्या आवारातच इंजिन उतरवले. चौथ्या लायनरला उभी ओरखड पडलेली निघाली. चारही लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे नवी टाकली; हेड तपासून झडपा बसवून घेतल्या; पंप व नोझल कॅलिब्रेशनला पाठवले; रेडिएटर साफ केला. मजुरी त्यांनी घेतली नाही, सामानाचा खर्च शाळेने केला. इंजिन पुन्हा बांधल्यावर दाब चारही ठिकाणी २९ ते ३० बारच्या दरम्यान आला. त्याच भारानिशी, म्हणजे धान्याची दहा पोती आणि दोन माणसे घेऊन, पूर्वी घाट चढायला एकोणीस मिनिटे लागत. आता चौदा लागतात, टर्बोशिवाय. तिसऱ्या वळणावर मामांना पहिला गिअर टाकावा लागत नाही आणि काळा धूर जवळजवळ नाहीसा झाला आहे.

काहींनी यावर विचारले की मग टर्बोची गरज उरली काय? पावसाळ्यात चिखलातून भरलेली गाडी काढताना अजूनही ओढ कमी पडते, तेव्हा गरज थोडी आहे. परवानगी मिळाली तर दाब दीडपटीच्या आतच ठेवायचा, पंपाचा स्क्रू जागच्या जागी ठेवायचा आणि धुराचे तापमान दाखवणारा काटा चालकासमोर बसवायचा, असे ठरले आहे. इंटरकूलरसाठी दुसऱ्या एका तुकडीने विचारणा केली, त्यांना थांबायला सांगितले आहे. नवे इंजिन अजून रनिंग-इनमध्ये आहे. पंधराशे किलोमीटर झाल्यावर तेल बदलून पुन्हा चारही दाब घ्यायचे आहेत. आजमितीस नऊशे चाळीस झाले आहेत. संच कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारच्या फळीवर, मूळ खोक्यात ठेवलेला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी कोठीप्रमुखांकडून किल्ली घ्यावी.